पृथ्वीभोंवतींच्या तप्त वलयांत काय आहे ?

इ. स. १८५९ च्या सप्टेंबर महिन्याच्या २ तारखेस मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंतील चुंबकानें जो गोंधळ मांडला, तो जगांतील शास्त्रज्ञ आजहि विसरलेले नाहींत. ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं उभारलेल्या या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचें मापन चालत असे. टांगलेल्या चुंबकाचें स्थान ठराविक वेळीं डोळ्यांनीं पाहावयाचें व वहींत टिपावयाचें, असा तेथील परिपाठ होता. मुंबईस पृथ्वीचें आडवें चुंबकीय बल, नॅनोटेस्ला या बारीक मापानें मोजल्यास, ३७-३८ हजारांच्या घरांत भरतें. त्या दिवशीं मध्यान्हाच्या सुमारास तें पाहतां पाहतां सुमारें १,६०० नें खालीं घसरलें. एरव्हीं १०० ची घसरण झाली तरी शास्त्रज्ञ तिला मोठें चुंबकीय वादळ म्हणतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्याची थोरवी कळते. आदल्याच दिवशीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन या ज्योतिर्विदास सूर्याच्या डागांजवळ पांढऱ्या प्रकाशाचा एक भडका दिसला होता. सूर्यावर भडका उडाला, आणि एक दिवसहि पुरता लोटला नाहीं तोंच मुंबईची सूची थरारली !

सूची थरारली खरी. परंतु तिला हात कोणीं लावला? सूर्य आणि मुंबई यांच्यामध्यें पंधरा कोटि किलोमीटरांचें अंतर आहे. या दोहोंच्या मध्यें जो निरोप्या उभा होता, त्याची ओळख पटण्यास पुढें शंभर वर्षें लागलीं. आणि त्याचें शरीर कोणत्या द्रव्याचें बनलेलें आहे हें कळण्यास त्याहूनहि अधिक काळ गेला. त्या द्रव्याची ही कहाणी आहे.

पाणी तापविलें कीं त्याची वाफ होते, हें स्वयंपाकघरांत रोज दिसतें. वायूला त्याहून पुष्कळच अधिक ऊर्जा मिळाली म्हणजे त्याच्या अणूंचे तुकडे पडतात. अणूच्या बाहेरच्या अंगाचा इलेक्ट्रॉन सुटून जातो आणि मागें राहिलेला अणु धन विजेनें भारलेला होतो. अशा भारलेल्या अणूला आयन म्हणतात, आणि आयन व इलेक्ट्रॉन यांच्या मिश्रणाला प्लाझ्मा असें नांव आहे. वीज चमकते तेव्हां क्षणभर हवेचा प्लाझ्मा होतो. सूर्य तर सगळाच प्लाझ्मा आहे. पृथ्वीभोंवतींच्या आकाशांत, जेथें आपल्या समजुतीप्रमाणें निव्वळ पोकळी असावी, तेथेंहि प्लाझ्मा भरलेला आहे, आणि त्यांतील कांहीं भाग भयंकर तप्त आहे.

भयंकर म्हणजे किती ? सूर्याच्या गाभ्यांत उष्णतामान दीड कोटि अंश आहे. पृथ्वीपासून हजारों किलोमीटरांवर असणाऱ्या या प्लाझ्मांतील कणांचें उष्णतामान दहा कोटि अंशांच्याहि वर जातें ! एवढ्या उष्णतेनें अंतराळांतील यानें वितळून कां जात नाहींत, अशी शंका सहजच येईल. तिचें उत्तर दाटीमध्यें आहे. जमिनीवरच्या हवेंत एका घन सेंटीमीटरांत जितके रेणु मावतात, ती संख्या लिहावयाची तर २५ वर १८ पूज्यें द्यावीं लागतील. तप्त प्लाझ्मामध्यें तेवढ्याच जागेंत एखाद-दुसरा कण सांपडतो, कित्येकदां तोहि सांपडत नाहीं. एकेका कणाचा वेग प्रचंड आहे, पण कणच विरळ. चुलींतली ठिणगी लालबुंद असूनहि तिच्यावर भाकरी भाजत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

पृथ्वी स्वतः एक मोठें चुंबक आहे. तिच्या चुंबकीय बळाच्या रेषा दक्षिण गोलार्धांतून निघून कमानीसारख्या वळत उत्तर गोलार्धांत उतरतात. या कमानींच्या जाळ्यांत भारलेला कण सांपडला कीं तो दोन टोकांच्या मध्यें चेंडूसारखा उसळत राहतो, आणि उसळतां उसळतां पृथ्वीला प्रदक्षिणा घालूं लागतो. धन भाराचे कण पश्चिमेकडे सरकतात, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. दोहोंचा परिणाम मिळून पश्चिमेकडे वाहणारा विजेचा एक प्रचंड प्रवाह तयार होतो. पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारें वीस हजार ते पन्नास हजार किलोमीटरांच्या पट्ट्यांत विषुववृत्तावर हें अदृश्य कंकण घातलेलें असतें. त्याला वलयप्रवाह म्हणतात. या वलयाचें चुंबकीय बल पृथ्वीच्या बळाच्या उलट दिशेचें असल्यामुळें, वलय भरलें कीं जमिनीवरच्या चुंबकाचें बल घटतें. १८५९ सालीं कुलाब्याच्या सूचीला हात लागला तो मुख्यत्वें या वलयाचा. त्या दिवशींच्या घसरणींत इतर प्रवाहांचाहि वांटा असावा, असें कांहीं शास्त्रज्ञांचें मत आहे.

अशा वलयाची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीं नॉर्वेच्या कार्ल स्टर्मर यानें मांडली, आणि १९३० नंतरच्या वर्षांत सिडनी चॅपमन व फेरारो यांनीं वादळांचा उलगडा करतांना ती हातीं घेतली. पुढें १९५९ सालीं डेस्लर व पार्कर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं एक सुंदर नियम सांगितला : जमिनीवरील चुंबकाची घसरण आणि वलयांतील सर्व कणांची एकूण ऊर्जा यांचें प्रमाण ठरलेलें आहे. कण हलके असोत वा जड, थोडे असोत वा पुष्कळ, एकूण ऊर्जा तेवढीच असेल तर घसरणहि तेवढीच. १०० नॅनोटेस्लांची घसरण म्हणजे घरोघरच्या मीटरांत मोजतात तशा सुमारें ११० कोटि युनिटांची ऊर्जा आकाशांत सांठलेली आहे, असा हिशेब निघतो.

हा नियम जितका उपयोगी, तितकाच फसवा. बाजारांत पोतें कांट्यावर टाकलें कीं मण किती तें कळतें. आंत ज्वारी आहे कीं तांदूळ, हें कांटा सांगत नाहीं. चुंबकसूची ही असाच एक कांटा आहे. तिनें वलयाचें वजन बिनचूक सांगितलें, पण पोत्याच्या आंत काय आहे याविषयीं ती मुकीच राहिली. मग शास्त्रज्ञांनीं तर्क केला. वादळ सूर्याकडून येतें. सूर्यापासून अहोरात्र वाहणाऱ्या सौरवातांत हायड्रोजनचे भारलेले अणु, म्हणजे प्रोटॉन, शेंकडा पंचाण्णवांच्या आसपास असतात. तेव्हां वलयहि प्रोटॉनांचेंच असणार. तर्क सरळ होता. १९६६ च्या जुलैमधील वादळांत लुई फ्रँक यानें उपग्रहावरील यंत्राच्या साह्यानें वलयांतील कण प्रथमच नीट मोजले. परंतु तें यंत्र कणाची ऊर्जा आणि त्याचा विद्युद्भार यांचें गुणोत्तर सांगे. कणाचें वजन ओळखण्याची सोय त्यांत नव्हती. साहजिकच मोजलेले सगळे कण प्रोटॉन म्हणूनच धरले गेले. पोतें उघडलें होतें, पण दाणा हातांत घेऊन पाहिला नव्हता.

दाणा हातांत घेतला तो १९७१ सालीं. कॅलिफोर्नियांतील शेली, जॉन्सन व शार्प या तिघांनीं वजन ओळखणारें यंत्र ध्रुवांवरून जाणाऱ्या एका उपग्रहावर बसविलें होतें. डिसेंबरमध्यें चुंबकीय वादळ झालें, आणि वरून वातावरणांत कोसळणाऱ्या जलद कणांत त्यांना प्रोटॉनांच्या सोळापट वजनाचे आयन आढळले. ते थोडेथोडके नव्हते. कांहीं वेळां त्यांची संख्या प्रोटॉनांपेक्षांहि अधिक भरली. सोळापट वजन म्हणजे प्राणवायु, ज्याला रसायनशास्त्रांत ऑक्सिजन म्हणतात. १९७२ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला, तेव्हां जाणकारांना त्याचें मोठें आश्चर्य वाटलें.

प्राणवायु सौरवातांतहि असतो, जरी अगदीं अल्प असला तरी. मग हा प्राणवायु सूर्याचा कीं पृथ्वीचा, हें कसें ठरवावयाचें ? दोन अनोळखी माणसें भेटलीं कीं आपल्याकडे गोत्र विचारण्याची चाल आहे. आयनाचें गोत्र त्याच्या भारावरून कळतें. सूर्याच्या प्रभामंडलांत उष्णता दहा लाख अंशांच्या वर असल्यामुळें तेथील प्राणवायूच्या अणूचे आठांपैकीं बहुधा सहा इलेक्ट्रॉन गळून पडलेले असतात. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या थरांत सूर्यप्रकाशानें अणु फुटतो, पण त्याचा एकच इलेक्ट्रॉन जातो. सहा गमावलेला तो सूर्यवंशीय, एक गमावलेला तो भूमिपुत्र. हेलियमचेंहि तसेंच : दोन्ही इलेक्ट्रॉन गेलेला हेलियम सूर्याकडचा, एक राखून असलेला पृथ्वीचा. तप्त वलयांतील प्राणवायूच्या आयनांनीं आपला एकच इलेक्ट्रॉन गमावलेला होता. पाहुणे म्हणून ज्यांचा सत्कार चालला होता, त्यांतले पुष्कळसे घरचेच निघाले !

आतां खरी अडचण येथें उभी राहते. जमिनीपासून तीनशें किलोमीटरांवर आयनांबर म्हणून जो थर आहे, तेथें प्राणवायूचे आयन मुबलक आहेत ; पण ते थंड आहेत. त्यांची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापानें दहाव्या-पांचव्या हिश्शाएवढी असते. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणांतून सुटून जाण्यास हायड्रोजनच्या अणूस अर्ध्या-पाऊण इलेक्ट्रॉन-व्होल्टानें भागतें. सोळापट जड प्राणवायूला मात्र दहा लागतात. आणि वलयांत तर तो दहा हजार, पन्नास हजार, लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा होऊन मिरवीत असतो. हें बळ त्याला कोठून मिळतें ?

त्याचा प्रवास दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा ध्रुवांजवळ. सौरवाताचा जोर वाढला कीं ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यांत विजेचे प्रवाह व विद्युत्-लहरी उसळतात. त्या लहरी आयनांना चुंबकीय रेषेभोंवतीं वेगानें गरगर फिरवितात. फिरणाऱ्या कणाचा स्वभाव असा कीं तो जोरदार चुंबकीय बळाकडून क्षीण बळाकडे लोटला जातो. आणि ध्रुवावर क्षीण बळाची दिशा म्हणजे वर. अशा रीतीनें जड आयन वर फेंकले जातात. तेथून ते पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूस सूर्याविरुद्ध दिशेनें लांबवर पसरलेल्या चुंबकीय शेपटांत वाहत जातात. दुसरा टप्पा या शेपटांत सुरू होतो. तेथें रेषा तुटतात, पुन्हां जुळतात, आणि कणांना पृथ्वीकडे भिरकावतात. पृथ्वीजवळ येतां येतां चुंबकीय बळ वाढत जातें व त्याबरोबर कणांची ऊर्जाहि पुष्कळ पटींनीं वाढते. घरांतून बाहेर पडलेला पोरगा दुनिया पाहून, अंगांत बळ आणून घराच्या दाराशीं परत यावा, तसा हा प्राणवायु परत येतो.

घरचे किती आणि बाहेरचे किती, याचा नीट हिशेब मांडण्यासाठीं १९८४ च्या ऑगस्टमध्यें अमेरिका, पश्चिम जर्मनी व ब्रिटन या तीन देशांनीं मिळून ॲम्प्टे या नांवाची मोहीम काढली. तिचे तीन उपग्रह होते. एकाच्या अंगीं वजन व भार दोन्ही ओळखणारीं यंत्रें होतीं. दुसऱ्यानें बाहेर, सौरवातांत जाऊन लिथियम या धातूची वाफ सोडली. विहिरीचें पाणी कोठून झिरपतें हें पाहावयाचें असलें कीं वरच्या ओढ्यांत रंग सोडून पाहतात, तशी ही युक्ति होती. लिथियमचे कण आंत सांपडले असते तर बाहेरचा वारा किती शिरतो हें कळलें असतें. आंतल्या उपग्रहाला मात्र लिथियमचा मागमूसहि लागला नाहीं. दार उघडें असलें तरी तें फार अरुंद असावें, एवढाच बोध त्यांतून मिळाला.

या मोहिमेच्या दुसऱ्या अंगाचें फळ मात्र भरघोस आलें. आकाश शांत असतां वलयाच्या ऊर्जेचा बहुतांश भाग प्रोटॉनांचाच असतो. जुना तर्क तेथें चुकलेला नव्हता. १९८४ च्या सप्टेंबरांतील मध्यम वादळांत प्राणवायूचा वांटा चतुर्थांशाच्या आसपास गेला. १९८६ च्या फेब्रुवारींत मोठें वादळ झालें, आणि वादळाच्या ऐन भरांत प्राणवायूनें ऊर्जेचा जवळजवळ निम्मा भाग व्यापून प्रोटॉनांना मागें टाकलें. १९९१ च्या मार्चमधील वादळांत दुसऱ्या एका उपग्रहानेंहि तोच अनुभव घेतला. वादळ जितकें थोर, तितका पृथ्वीचा स्वतःचा माल त्यांत अधिक, असा नियम दिसूं लागला. सूर्यावरील डागांची संख्या ज्या वर्षीं वाढते, त्या वर्षींहि प्राणवायूचा वांटा वाढतो. कारण तेव्हां सूर्यकिरणांनीं वातावरणाचा वरचा थर तापून फुगतो व अधिक उंच चढतो.

यांत आणखी एक नवल आहे. १०० नॅनोटेस्लांच्या वादळांत ऊर्जेचा निम्मा भाग प्राणवायूकडे आहे व प्रत्येक कणाला सरासरी पन्नास हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहेत असें धरून हिशेब केला, तर सबंध वलयाचें वजन सुमारें सात हजार किलो भरतें. पृथ्वीला वेढणारें व सूचीला हलविणारें तें अवाढव्य कंकण वजनानें एका मालमोटारीच्या भाराएवढें ! आणि त्या सात हजारांत प्रोटॉनांचा हिस्सा अवघा चार-पांचशें किलोंचा. बाकी सारा प्राणवायु.

पोत्यांत काय आहे हें जाणण्याचें महत्त्व पुढें कळून येतें. वादळ चढतें तसें उतरतेंहि, आणि उतरण्याची रीत कणाच्या जातीवर अवलंबून असते. पृथ्वीभोंवतीं थंड हायड्रोजनचें एक विरळ धुकें दूरवर पसरलेलें आहे. जलद आयन त्या धुक्यांतील एखाद्या अणूजवळून जातांना त्याचा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. त्याबरोबर तो भाररहित होतो, चुंबकाची पकड सुटते, आणि तो सरळ रेषेनें निघून जातो. लाखाच्या घरांत ऊर्जा असलेला प्राणवायूचा आयन ही चोरी सहज करतो व लौकर मुक्त होतो. तेवढ्याच ऊर्जेचा प्रोटॉन कितीतरी अधिक काळ अडकून पडतो. कमी ऊर्जेवर नेमकें उलट घडतें. म्हणून मोठें वादळ आरंभीं झपाट्यानें ओसरतें व मग रेंगाळतें, याचा एक खुलासा प्राणवायूच्या या घाईंत आहे. कांहीं कण दिवसाच्या बाजूनें वलयाबाहेर वाहून जातात, हा दुसरा खुलासा आहे. दोहोंचा वांटा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालूच आहे. निसटलेल्या भाररहित कणांनाच पकडून २००० सालीं निघालेल्या इमेज या उपग्रहानें वलयाचीं चित्रें काढलीं, आणि १८५९ सालीं कुलाब्यास न दिसलेलें कंकण मनुष्याच्या दृष्टीस पडलें. २०१२ पासून २०१९ पर्यंत व्हॅन ॲलन यांच्या नांवानें सोडलेले जुळे उपग्रह या वलयांतून फेऱ्या घालीत होते.

संसारी माणसाला या सर्वांशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. १९८९ च्या मार्चची १३ तारीख त्याचें उत्तर देईल. त्या दिवशींच्या वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा दीड मिनिटांत कोलमडला आणि साठ लाख लोक सुमारें नऊ तास अंधारांत व थंडींत राहिले. हा आघात ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यांतील प्रवाहांनीं केला हें खरें, पण त्या प्रवाहांना आणि वलयाला एकाच शेपटांतून पुरवठा होतो. २०२४ च्या मे महिन्यांत ४०० नॅनोटेस्लांहून अधिक घसरणीचें वादळ झालें, तेव्हां लडाखांतील हानले येथून आकाशांत तांबडी झांक दिसली. आज दूरध्वनि, नौकानयन, हवामानाचे अंदाज हीं सारीं कामें उपग्रहांच्या भरवंशावर चालतात आणि ते उपग्रह याच तप्त प्रदेशांतून फिरतात. वादळाचा अंदाज करणाऱ्यास केवळ सूर्याकडे डोळे लावून भागत नाहीं. शेपटांत जड प्राणवायु किती भरला आहे, यावर तेथील लहरींचा वेग, रेषांची जुळणी व वादळाचा पल्ला अवलंबून असतो. घरचा भेदी लंका जाळतो म्हणतात. वादळ बाहेरून येतें, पण त्याला घरचें इंधन मिळतें.

मग पृथ्वीचा प्राणवायु असाच उडून संपणार कीं काय ? भीतीचें कारण नाहीं. दर सेकंदाला एखाद-दोन किलो प्राणवायु वर निघून जातो, आणि त्यांतलाहि कांहीं भाग परत येतो. सबंध वातावरणाचें वजन एवढें आहे कीं या गतीनें तें संपावयास सूर्याच्या आजच्या वयाच्या दहापटींहून अधिक काळ लागेल.

मात्र परत न येणाऱ्या प्राणवायूचा एक मुक्काम अलीकडे सांपडला आहे. पौर्णिमेच्या सुमारास दरमहा सुमारें पांच दिवस चंद्र पृथ्वीच्या चुंबकीय शेपटांतून जातो. जपानच्या कागुया या चंद्राभोंवतीं फिरणाऱ्या यानानें त्या दिवसांत एक इलेक्ट्रॉन गमावलेले प्राणवायूचे जलद आयन टिपले होते. हें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. हवेंतील प्राणवायु वनस्पतींनीं आणि समुद्रांतील सूक्ष्म शेवाळांनीं कोट्यवधि वर्षें श्रम करून निर्माण केला आहे. कोण्या काळच्या हिरव्या पानानें सोडलेला श्वास वर चढतो, शेपटांत शिरतो, तापतो आणि चंद्राच्या धुळींत जाऊन रुततो. सूर्यापासून येणारी झोंबरी लाट आणि पृथ्वीवरील पानाफुलांचा श्वास यांचा संगम म्हणजे हें तप्त वलय. कुलाब्याच्या सूचीनें त्याचा भार तेवढा सांगितला होता ; त्यांत पृथ्वीच्या घरचा वांटा किती आहे, तें एकेक कण वेंचून, त्याचें वजन व भार विचारून, मनुष्याला जाणून घ्यावें लागलें.